वर्गात आपण कोणाला विचारतो आणि कोणाला वगळतो: शिक्षकाच्या पूर्वग्रहांविषयी

खडूफळा (धागाकर्ती)

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. सहावीतील एका मुलीने फार नेटके भाषण केले. स्पर्धा संपल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, “किती शुद्ध मराठी बोलतेस गं तू!” तिने मान खाली घातली आणि हळूच उत्तर दिले, “बाई, आमच्या घरी मराठीच बोलतात. आजी सासवडची आहे.”

मुलगी मुसलमान आहे. त्या दिवशी पंधरा मुले बोलली. बाकीच्या चौदा जणांशी मी मुद्द्यांविषयी, आवाजाविषयी, पाठांतराविषयी बोलले. भाषेच्या शुद्धतेची शाबासकी मात्र हिला एकटीलाच दिली. मनात वाईट काहीच नव्हते, कौतुकच होते, पण त्या कौतुकाच्या पोटात “ही भाषा तुझी नसताना” असे एक वाक्य दडलेले होते आणि अकरा वर्षांच्या मुलीला ते माझ्याआधी ऐकू आले.

पुण्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकोणीस वर्षे पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवते. वर्गात पेठेतील जुन्या घरांतील मुले आहेत, वस्तीतील आहेत, बांधकामावर आलेल्या कुटुंबांतील आहेत, आणि ज्यांच्या घरी वडारी, कन्नड, हिंदी किंवा लमाणी बोलली जाते अशीही आहेत. मी भेदभाव करत नाही, असे मी इतकी वर्षे प्रामाणिकपणे समजत होते. त्या स्पर्धेनंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: हे मला ठाऊक आहे, की मी फक्त तसे धरून चालले आहे?

मी माझ्या वर्णनात्मक नोंदींची वही काढली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० मध्ये आले, तेव्हापासून प्रत्येक मुलाविषयी आपण काही वाक्ये लिहितो. घाईच्या दिवसांत ती हाताला येतील तशी लिहिली जातात, म्हणूनच ती वाचण्यासारखी असतात. तासाला सतत बोलणाऱ्या दोन मुलांविषयीच्या माझ्या नोंदी शेजारच्या पानांवर होत्या. एकाविषयी मी लिहिले होते, “बोलका आहे, स्वतःचे मत मांडतो.” दुसऱ्याविषयी लिहिले होते, “वर्गात बडबड करतो, शिस्तीची गरज आहे.” पहिल्याचे वडील बँकेत आहेत. दुसऱ्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. दोघांची बडबड मला आजही कानात ऐकू येते आणि तीत मला काहीच फरक सापडत नाही.

ती वही मी रात्री तीनदा वाचली. गृहपाठ अपुरा असणाऱ्या मुलांपैकी काहींच्या नोंदीत “अधिक सरावाची गरज” असे होते, तर काहींच्या नोंदीत “पालकांचे लक्ष नाही” असे. ज्या पालकांचे लक्ष नाही असे मी ठरवले, त्यांतील एकाही घरी मी कधी गेले नव्हते. आडनाव, पत्ता आणि पालकसभेतील गैरहजेरी एवढ्यावर मी तो निकाल दिला होता. पालकसभा आम्ही शनिवारी सकाळी अकराला घेतो, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाने अकराला यायचे तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

“सांस्कृतिक जाण” हा शब्द प्रशिक्षणात आपण ऐकतो. कोणत्या समाजात कोणता सण असतो, कोण काय खाते, एवढ्या माहितीला आपण ती जाण समजतो. माझ्या मते तिची सुरुवात स्वतःच्या सवयी पाहण्यापासून होते, आणि त्या पाहण्यासाठी चांगली भावना पुरत नाही, कागद लागतो. आपण हे कसे करता? कोणी केले असल्यास कृपया लिहावे. आपल्या शाळेचे नाव लिहू नये, ही विनंती.

हडपसरची पालक

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी शिक्षिका नाही. माझा मुलगा एका खासगी इंग्रजी शाळेत २५ टक्के राखीव जागांमधून शिकतो. शिक्षण हक्क कायदा (आर.टी.ई.) २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देण्याची तरतूद त्यातच आहे. ऑनलाइन सोडतीत नाव निघाले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तोपर्यंत आमच्या ओळखीतील कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागला होता.

प्रवेश मिळाला, पण वर्गात माझ्या मुलाला नावाऐवजी “आर.टी.ई.वाला” ही ओळख मिळाली. वर्गशिक्षिका सूचना देताना म्हणत, “आर.टी.ई.च्या मुलांनी थांबा, बाकीच्यांनी जा.” त्या रागीट नव्हत्या, कागदपत्रे गोळा करायची असत. दुसरीत असताना त्याने मला विचारले, “आई, आर.टी.ई. म्हणजे फी न भरणारा का?” मी त्याला सांगितले की तो कायदा आहे आणि तो सगळ्या मुलांसाठी आहे. त्याने ते ऐकून घेतले, पण तो दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार नव्हता.

जुनीवही

माझा अनुभव तीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि मला तो आज लिहावासा वाटतो आहे. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज आले की कारकून वर्गात येत, आणि सर म्हणत, “एस.सी., एस.टी., एन.टी.वाल्यांनी उभे राहा.” आम्ही सात जण उभे राहत असू. बाकीचा वर्ग माना वळवून पाहत असे. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला माझी जात त्या क्षणी कळली. तो मित्रच राहिला, पण मधल्या सुट्टीत डब्यातील पोळी घेताना तो थोडा थांबला, हे मी पाहिले. सरांनी मला कधी शिवी दिली नाही, गणितात मदतही केली. एक यादी करून आम्हाला कार्यालयात एकेकटे बोलावले असते तर काम दहा मिनिटांतच झाले असते.

दुसरी गोष्ट आमच्या वर्गातील पारधी मुलाची आहे. कोणाची कंपासपेटी हरवली की सर्वात आधी त्याचे दप्तर पालथे केले जाई. एकदा तर पेटी ज्याची होती त्याच्या घरीच सापडली, तरी त्या मुलाशी कोणी त्याविषयी बोलले नाही. त्याचे दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी होती. ती रिकामी केल्यावर फरशीवर पडलेल्या त्याच्या दोन वह्या आणि अर्धी भाकरी मला अजून दिसते. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सर कायदा रद्द झाल्यानंतर जन्मलेले होते. तरी त्यांचा हात आधी त्याच पिशवीकडे गेला. तो मुलगा आठवीनंतर शाळेत दिसला नाही.

आपल्या शहरात दर ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. मला तो निबंध शाळेत कोणी वाचून दाखवला नाही. मी तो पस्तिसाव्या वर्षी वाचला. हाराबरोबर तो निबंधही मुलांसमोर आला असता तर आम्हा सात जणांना उभे राहताना वेगळे वाटले असते.

संशोधक_विद्यार्थिनी

जुनीवही यांच्या अनुभवाशी अगदी जुळणारा एक प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील गावांमध्ये केला होता. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले होते आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे होते. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा कथित उच्च आणि निम्न जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मुलांची नावे आणि जाती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या, तेव्हा निम्न जातींतील मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलेही त्याच गावांतील होती. फक्त एक घोषणा वाढली होती. “उभे राहा” ही तशीच घोषणा आहे.

अपेक्षांविषयीचा जुना प्रयोग बी.एड.च्या अभ्यासक्रमात बहुतेकांनी वाचलेला असतो. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सुमारे एकपंचमांश मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा मोठी झेप घेणार आहेत असे सांगितले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतील त्या मुलांनी खरोखर अधिक प्रगती केली. १९६८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून त्यावर बरीच टीका झाली आहे. वरच्या वर्गांत परिणाम तसा दिसला नव्हता, आणि परिणामाच्या आकाराविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणून “शिक्षकाने ठरवले की मूल हुशार होते” असे सोपे वाक्य त्यातून काढू नये.

मला स्वतःला अधिक अस्वस्थ करणारा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा आहे, आणि तो भारतातलाच आहे. मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांवर जात, वय आणि लिंग ही माहिती त्या मुलाशी कोणताही संबंध न ठेवता लावून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या गेल्या. निम्न जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता. परंतु तो प्रामुख्याने निम्न जातींतील परीक्षकांच्या तपासणीत आढळला. म्हणजे पूर्वग्रह ही “त्यांची” गोष्ट आहे असे म्हणून कोणालाच बाजूला उभे राहता येत नाही. मी स्वतः त्याच समाजगटांपैकी एकातून आले आहे आणि हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो मान्य करायला वेळ लागला. आणखी एक बारकावा शिक्षकांच्या उपयोगाचा आहे: गठ्ठ्याच्या सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत हा भेद जास्त होता. परीक्षकाचा अंदाज अजून बसलेला नसतो तेव्हा तो वरच्या माहितीचा आधार घेतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

निवृत्त_गणित

मी चौतीस वर्षे गणित शिकवले. चर्चा गंभीर आहे, म्हणून मतभेदही स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, साठ मुलांचा वर्ग, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, हे सगळे एका माणसाच्या डोक्यावर असताना त्याच्या प्रत्येक उद्गाराची झडती घेणे मला न्याय्य वाटत नाही. माणूस थकलेला असतो. दुसरी गोष्ट भाषेची. “पानी”, “व्हतं”, “गेल्ता” असे लिहिणाऱ्या मुलाला आपण दुरुस्त केले नाही तर दहावीचा परीक्षक करील, नोकरीच्या मुलाखतीत कोणी दुसरा करील, आणि तेव्हा त्या मुलाला ते अधिक महाग पडेल. प्रमाणभाषा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि संवेदनशीलतेच्या नावाखाली ते सोडणे ही त्या मुलाची फसवणूक आहे.

आपल्या मुद्द्यातील एक भाग मात्र मला कामातूनच ठाऊक आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिका मी अनेक वर्षे तपासल्या. त्यांवर मुलाचे नाव नसते आणि कोणी त्याला शिक्षकावरील अविश्वास म्हणत नाही, तपासण्याची तीच रीत आहे. मग घटक चाचणीच्या पेपरवर आपण नाव का लिहून घेतो, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही आणि आज पडला.

खडूफळा

सर, आपला आक्षेप मी दोनदा वाचला. थकव्याविषयी आपण म्हणता ते खरेच आहे, आणि थकलेल्या वेळी जुनी सवयच आधी पुढे येते. शेवटच्या तासाला मी पहिल्या दोन बाकांवरील मुलांनाच विचारते, कारण उत्तर लवकर येते आणि तास पुढे सरकतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने अर्धशतकापूर्वी मोजले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंदांना वेगळे अनुदान लागत नाही, तरी ते देणे फार कठीण जाते. मी मनात “एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन” असे मोजते.

भाषेविषयी आपले निम्मे म्हणणे मला मान्य आहे. प्रमाणभाषा शिकवायचीच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आणि त्यांत १९७२ मध्ये भर पडलेले, ते मी सातवीपर्यंत नेटाने करून घेते. पण “अशुद्ध” हा शेरा मी आता देत नाही. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून डावीकडे “घरी” आणि उजवीकडे “पुस्तकात” अशी दोन शीर्षके मुले लिहितात. “व्हतं” डावीकडे, “होते” उजवीकडे. परीक्षेत कोणता रकाना वापरायचा हे त्यांना पक्के ठाऊक असते. पूर्वी लाल रेघांनी भरलेली वही परत मिळाली की काही मुले पुढचा निबंध चारच ओळींचा लिहीत, चूक होऊ नये म्हणून. आता त्यांचे निबंध पानभर होतात आणि दुरुस्त करायला काहीतरी हाती लागते.

एक प्रसंग लिहिते. पाचवीला अश्मयुग शिकवताना दगडी हत्यारांची चित्रे मी फळ्यावर काढत होते. मागच्या बाकावरील एक मुलगा, ज्याला मी सबंध सत्रात क्वचितच उभे केले होते, म्हणाला, “बाई, असा दगूड मारला तर फुटंल, धार नाय येणार.” त्याचे आजोबा दारोदार फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देत. तो फळ्यापाशी आला आणि दगडाला रग कुठल्या बाजूने असते, घाव सरळ न घालता तिरका का घालायचा, छिन्नी किती कलती धरायची, हे त्याने हाताने दाखवले. पुस्तकात त्या धड्यात जे एका ओळीत होते ते त्याने पाच मिनिटे सांगितले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९० च्या सुमारास लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी पाठवले होते, ते घरोघरी कोणते ज्ञान आहे हे शिकून घेण्यासाठी. माझ्या वर्गात ते ज्ञान दररोज येऊन बसत होते आणि मी त्या मुलाच्या नावापुढे “प्रतिसाद कमी” असे लिहिले होते.

मुळाकाठ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ताईंच्या पद्धतीत एक धोका मला दिसतो. हे सगळे कळल्यावर आपण उत्साहाने उलट्या बाजूला झुकतो. ईद आली की मुसलमान मुलाला उभे करायचे, आंबेडकर जयंती आली की ठरावीक मुलांनाच भाषण द्यायचे. त्यातही मूल आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणूनच उरते.

खडूफळा

हा धोका खरा आहे, आणि मी त्यात पडले आहे. वक्तृत्व स्पर्धेतील त्याच मुलीला मी यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी “आपले सण” या विषयावर बोलायला सांगितले आणि ती ईदविषयी बोलेल असे गृहीत धरले. ती तासानंतर माझ्याजवळ आली. “बाई, मला ईदबद्दलच का बोलायला सांगता? आम्ही वाड्यात किल्ला करतो. यंदा राजगड आहे. संजीवनी माची मीच केली.” मग ती माचीच्या दुहेरी तटाविषयी बोलली, आणि विटांचे तुकडे व गोणपाट वापरून तो कसा उभा केला हे सांगताना तिला वेळेचे भान राहिले नाही. आता मी विषय देते आणि काय सांगायचे ते मुलांवर सोडते.

हडपसरची पालक

या धाग्यातील बाई माझ्या मुलाच्या शाळेत असत्या तर बरे झाले असते. दिल्लीतील श्रीमंत शाळांमध्ये गरीब मुले बरोबर शिकू लागल्यावर सधन मुलांच्या वागण्यात काय बदलले याचा गौतम राव यांनी अभ्यास केला आहे, असे मी वाचले. ती मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांना टाळणे कमी झाले. मुले एकत्र बसली की शिकतात. त्यांना एकत्र बसू द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

मुळाकाठ

ताई, आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हा विषय मांडायचा आहे. सुरुवात कोणत्या कृतीने करावी? स्वतःच्या नोंदवह्या सर्वांसमोर वाचायला कोणी तयार होणार नाही.

खडूफळा

नोंदवह्या सर्वांसमोर वाचू नका. त्या ज्याने त्याने घरीच वाचाव्यात. परिषदेत फक्त बाकांचा आराखडा द्यावा: एका कागदावर चौकोन, प्रत्येक चौकोनात हजेरी क्रमांक. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात उभी रेघ, ज्याला रागावलो त्याच्यात फुली, ज्याला नावाने हाक मारली त्याच्यात टिंब. मी आधी खुणा स्वतःच करून पाहिल्या आणि फसले, कारण मोजायला लागल्याबरोबर त्याच तासाला मी सगळ्यांना विचारू लागले. मग सहकारी बाईंना मागच्या बाकावर बसवले. आठ तासांनंतर त्यांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा खिडकीजवळच्या रांगेतील नऊ चौकोन कोरे होते, एक रेघही नाही, एक फुलीही नाही. त्या मुलांना मी रागावतही नव्हते. त्यांतील सात जण एकाच वस्तीतून, एकाच रिक्षाने येतात.

पुढच्या महिन्यात मी त्या सहकारी बाईंच्या वर्गात मागे बसले. घटक चाचणीच्या पेपरवर आम्ही दोघींनी नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहून घेणे सुरू केले आहे, आणि गठ्ठा तपासून झाला की पहिले दहा पेपर पुन्हा पाहतो. शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालयातून बंद पाकिटात घरी जातात; त्यासाठी मुख्याध्यापकांशी एकदाच बोलावे लागले, आणि ते लगेच हो म्हणाले. पालकसभेची वेळ संध्याकाळी साडेसात करून पाहिली आहे. “पालकांचे लक्ष नाही” असे ज्यांच्याविषयी मी लिहिले होते, त्यांपैकी चार घरांतून माणसे आली. एकाच्या आईने मुलाची वही पिशवीतून काढली आणि मला विचारले की डावीकडच्या रकान्यातील शब्द मुलाने तिलाच विचारून लिहिले आहेत, ते बरोबर आहेत ना.